शेठचं सातवं कलम

शेठबरोबर नारायणगावच्या बाजारातून चालायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रस्त्याच्या कडेला एखादा टेम्पो नुसताच सुरू ठेवून उभा दिसला, की शेठ बोलता बोलता थांबायचे. पुढं होऊन त्याच्या बॉनेटवर तळहात ठेवायचे, तापानं फणफणलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. डोळेही मिटायचे. मग आतून ड्रायव्हर डोकं बाहेर काढायचा.

“काय शेठ, किती हाये ताप?”

“बराच आहे. उभ्या उभ्या भरलाय. बंद कर, उतरेल.”

“आवो, पंख्यासाठी चालू ठेवलीय गाडी. घाम बगा किती आलाय.”

“मग खाली उतर. चिंचेखाली वारा फुकट आहे.”

टेम्पो शेठचा नसायचा, ड्रायव्हरही नाही. टपरीवरची माणसं दात काढायची. मी दोन पावलं मागं राहून मेथीचा भाव विचारू लागायचे. या पांढऱ्या सदऱ्यातल्या गृहस्थांशी आपला काही संबंध नाही, असं दाखवायला मेथी बरी पडते. घरी गेल्यावर नवरा विचारायचा, आज पुन्हा मेथी का?

संबंध चांगलाच होता. शेठच्या गुळाच्या पेढीवर मी मॅनेजर होते. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. घरात कांद्याला शिवायचं नाही आणि गोदामात कांद्याशिवाय काही नाही, असं त्या घराचं दोन पिढ्या चाललं होतं. शेठना ते कधीतरी खुपलं असावं. त्यांनी कांदा सोडून गूळ धरला. पारगावच्या बाजूला आणि आमच्या पिंपरी पेंढारच्या बाजूला जी छोटी गुऱ्हाळं आहेत, त्यांच्याकडून बिनरसायनाचा गूळ घ्यायचा, त्याची पावडर करायची आणि परदेशी पाठवायची.

मी याद्या करणारी बाई आहे. फ्रीजवर यादी, पर्समध्ये यादी, लग्नाला जायचं तर आहेराची वेगळी आणि परतताना आठवणीनं आणायच्या डब्यांची वेगळी. नोकरीसाठी गेले तेव्हा शेठनी माझं शिक्षण विचारलं नाही. “घरातून निघताना गॅस बंद केला का?” असं विचारलं. मी पर्समधून यादी काढली आणि त्या ओळीपुढची खूण दाखवली. ते म्हणाले, “उद्यापासून या.”

आधी कलमाचं सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. परदेशातल्या खरेदीदाराचा करार आला, त्यात सातवं कलम नवं होतं. माल शेतातून निघून कंटेनरमध्ये चढेपर्यंत किती डिझेल, किती वीज, किती जळण लागलं त्याची नोंद ठेवायची. त्यातून हवेत किती कार्बन गेला त्याचा हिशेब द्यायचा. दर हंगामात तो कमी करायचा. टायर, प्लॅस्टिक असलं काही जाळायचं नाही. हेच कलम तुम्ही ज्यांच्याकडून माल किंवा काम घेता, त्यांच्या करारातही घालायचं. आणि कुठं मोडलं तर आपण होऊन कळवायचं. कळवलंत तर सुधारायला एक हंगाम मिळेल, लपवलंत तर करार संपला.

असली कलमं हल्ली पुष्कळ करारांत असतात. लोक शेवटच्या पानावर सही करतात आणि पाठवून देतात. शेठनी ते कलम माझ्याकडून तीनदा मराठीत समजून घेतलं आणि भारावून गेले. दुसरा शब्द मला सुचत नाही.

“मॅनेजरबाई, हे यांना कुणी सांगितलं?” ते म्हणाले. “हे तर आमचंच आहे.”

मग त्यांनी मला समजावलं. त्यांच्या जैन धर्मात पाप तीन वाटांनी लागतं. एक, स्वतः केलं. दुसरी, दुसऱ्याकडून करवलं. तिसरी, कुणी केलं आणि आपल्याला मनातून बरं वाटलं. तिन्हीचा भार सारखाच. “आता बघा. आपल्या गोदामातलं डिझेल, ते केलं. विजेसाठी कुठंतरी कोळसा जळतो, ते करवलं. गुऱ्हाळवाल्यानं धूर केला आणि गूळ स्वस्त पडला म्हणून आपण खूश झालो, ते तिसरं. या गोऱ्या माणसांनी तिन्ही धरलंय. नुसतं पहिलं धरून सोडून नाही दिलं.”

गोरी माणसं गुळाचा कार्बन मोजत होती. शेठ पाप मोजायला लागले. तिथून माझी फजिती सुरू झाली.

‘ज्यांच्याकडून माल किंवा काम घेता’ हे शब्द त्यांनी अक्षरशः घेतले. ट्रकवाले आणि गुऱ्हाळवाले ठीक होतं. पण पेढीवर चहा आणणाऱ्या टपरीवाल्याचाही करार झाला. तो मी टाइप केला आणि मीच त्याच्यापुढं धरला. कारण शेठ म्हणाले, बाईमाणसाला तो नाही म्हणणार नाही.

“ताई, ह्ये काय?” टपरीवाला म्हणाला. “चा द्यायला करार?”

“दुकानात गिऱ्हाईक नसताना स्टोव्ह चालू ठेवायचा नाही, एवढंच आहे.”

“आन् गिऱ्हाईक आलं की पुन्ना पेटवायचा? तवर त्ये जाईल की समोरच्याकडं. शेठला म्हनावं, मला समोरच्याचा बी करार करून द्या.”

शेठनी खरंच समोरच्याचाही करून दिला.

न्हाव्याचा झाला, कारण तो गरम पाण्याला गिझर वापरायचा. शेठच्या बायकोचाही होणार होता. आम्ही त्यांना काकी म्हणायचो. काकींनी कागद वाचला, चष्मा काढला आणि माझ्यादेखत म्हणाल्या, “लग्नात सात फेरे घेतले तेव्हा हे कलम कुठं होतं? तेव्हा घातलं असतं तर विचार केला असता.” शेठनी कागद घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून काकी कुकरच्या शिट्या मोजून गॅस बंद करू लागल्या. सही मात्र शेवटपर्यंत केली नाही.

पुण्याहून खरेदीदाराचा ऑडिटर आला तेव्हाची गोष्ट तर मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. तरुण मुलगा, लॅपटॉप घेऊन बसलेला. मी सगळी कागदपत्रं क्रमानं लावून ठेवली होती. मला वाटलं, तासाभरात मोकळे होऊ. शेठ त्याच्यासमोर हात जोडून बसले आणि सांगू लागले. हमाल रोज सकाळी काट्यापाशी उदबत्ती लावतात. पोत्याच्या शिलाईचा नायलॉनचा दोरा काडीनं जाळून तोडतात. नातवानं गोदामामागं शाळेची जुनी वही पेटवून बघितली. दिवाळीत शेजाऱ्याच्या फटाक्याचं तोंड आमच्या अंगणाकडं होतं.

मुलगा लाजला. “सर, एवढं लिहायची गरज नसते.”

“मग गरज कुठून सुरू होते, तेवढं लिहून द्या.”

मुलानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर आमचा ट्रकवाला हसून हसून चाकाला टेकून बसला होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला ठाऊक झालं, की शेठनी साहेबापुढं उदबत्ती कबूल केली. पुढं कितीतरी दिवस मी भाजी घ्यायला गेले की कुणीतरी विचारायचंच, “काय ताई, आज किती उदबत्त्या?”

शेठना या हसण्याचं काही वाटायचं नाही. म्हणजे मला तसं वाटायचं. एकदाच ते म्हणाले, “लोक हसतात ते बरं. हसतात तोपर्यंत लक्षात ठेवतात.”

गुऱ्हाळावर जायचे तेव्हा ते आधी माणसांकडं बघायचेच नाहीत. गाडीतून उतरले की पाठ फिरवून उभे राहायचे, मान वर करून धुराड्याकडं बघायचे आणि मला विचारायचे, “कसलाय?” त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ऑपरेशन ते पुढं ढकलत होते. म्हणून धूर माझ्याकडून बघून घ्यायचे. मी म्हणायचे, “पांढरा.” ते म्हणायचे, “नीट बघा.” मी पुन्हा बघायचे, पुन्हा सांगायचे. मग ते वळून गुळव्याला राम राम करायचे. उसाचं चिपाड कडकडीत वाळलेलं असलं की धूर पांढरा आणि विरळ निघतो. ओलं असलं की दाट, करडा. आणि त्यात टायर घातला की काळाकुट्ट. त्याला बघायला डोळेही लागत नाहीत.

माझ्या धाकट्या भावाचं गुऱ्हाळ पिंपरी पेंढारला आहे, हमरस्त्यापासून थोडं आत. त्याचा गूळ शेठ घ्यायला लागले ते माझ्यामुळं. तसं कुणी बोलून दाखवलं नाही, पण मला माहीत होतं, भावाला माहीत होतं आणि भावजय ते सणासुदीला आठवणीनं बोलायची. त्याआधी त्याचा माल पडेल भावानं जायचा. गुऱ्हाळ विकून पुण्यात वॉचमनकी करायचं त्याच्या डोक्यात घोळत होतं. शेठच्या करारानं तो गावात राहिला. म्हणून त्या घरात माझी मान वर होती.

त्या वर्षी हंगामात अवकाळी पाऊस आला. आठवडाभर झड लागली. सगळ्यांची चिपाडं अंगणात पसरलेली, ती भिजून लगदा झाली. कंटेनरची तारीख तोंडावर होती. गुऱ्हाळवाल्यांच्या करारात चौथं कलम होतं, ते शेठनी स्वतः घातलेलं: तारीख चुकली तर पुढच्या हंगामाची मागणी कमी. मी रोज सगळ्या गुऱ्हाळवाल्यांना फोन करत होते. कुणाचा किती माल तयार, कुणाचा बाकी, याची यादी माझ्या टेबलावर होती. भावालाही फोन केला. तो म्हणाला, “व्हईल आक्का. तू काळजी नको करू.” मी त्याच्या नावापुढं खूण केली.

शेठ म्हणाले, आपण एक फेरी मारू. आम्ही गाडीनं निघालो. आळेफाटा गेला. पाऊस थांबला होता, आभाळ धुतल्यासारखं झालं होतं आणि उसाच्या वर, लांबून, काळी रेघ दिसली. सरळ वर चढून पसरत होती. मला ते धुराडं लहानपणापासून पाठ आहे. ते आमच्या वडिलांनी बांधलं. मी ड्रायव्हरशी बोलायला लागले, रस्त्याचं काम कधी संपणार वगैरे. वाटलं, शेठच्या डोळ्यांना दिसणार नाही.

“मॅनेजरबाई,” शेठ म्हणाले, “तो कुणाचा?”

मी म्हटलं, “आमचाच.”

त्या दिवशी त्यांनी ‘कसलाय’ विचारलं नाही.

भाऊ रसाच्या काहिलीखालच्या चुलवणापाशीच उभा होता. शेजारी जुन्या टायरचे तुकडे पडलेले. आम्हाला बघून त्यानं ते पायानं सरकवले. सरकवून कुठं जाणार? हात काळे, तोंड काळं. मला वाटलं जमीन दुभंगावी. शेठ काही बोलायच्या आधीच तो तावातावानं बोलायला लागला. आमच्या घरात चूक झाली की आधी आवाज चढतो.

“आता तुमी म्हनाल टायर का लावला. मंग काय लावू? चिपाड बगा, पिळलं तर पानी गळतंय. रस काहिलीत आंबायला लागला. तुमची तारीख परवाची हाये का न्हाई? तारीख तुमची, पाऊस देवाचा, आन् टायर तेवढा माजा व्हय?”

“अरे, काय बोलतोस,” मी म्हटलं.

“तू गप गं आक्का. तू रोज फोन करून ‘झालं का, झालं का’. मला काय हौस हाये का ह्यो वास घ्यायची?”

शेठ बाजल्यावर बसले. बराच वेळ चुलवणाकडं बघत राहिले. मग जे बोलले ते भावाशी नव्हतं, माझ्याशीही नव्हतं. “चौथं मीच घातलं,” ते म्हणाले. “माझ्या हातानं. सातवं वाचायच्या आधी घातलं होतं, ते काढायचं राहिलं.”

 पेढीवर आल्यावर त्यांनी मला खरेदीदाराला पत्र लिहायला बसवलं. कुणाला कळणार नव्हतं. ऑडिटर येऊन गेला होता, तो पुन्हा एवढ्या आत वाकडी वाट करून येणार नव्हता. मी हे बोलले नाही, पण माझं टाइप करणं फार हळू चाललं होतं. त्या पत्रावर पेढीचा करार टिकणार का ते ठरणार होतं. भावाचं गुऱ्हाळ चालू राहणार की तो पुण्याची वाट धरणार, तेही. शेठ सांगत गेले: अमुक ठिकाणी ओल्या जळणात टायर जाळला गेला, तो गूळ कंटेनरमध्ये भरत नाही, माल कमी भरेल. शेवटी ‘जबाबदार व्यक्ती’ असा रकाना होता. मी भावाचं नाव लिहायला घेतलं. 

“ते नाही. माझं लिहा,” शेठ म्हणाले.

“पण शेठ, गुऱ्हाळ त्याचं—”

“खरेदी कुणाची? तारीख कुणाची? त्यानं केलं. करवलं कुणी?”

भावाचं नाव टाइप करताना लाज वाटली असती. शेठचं नाव टाइप करताना कितीतरी जास्त वाटली. आपल्या माणसाची लाज दुसऱ्यानं उचलून आपल्या खांद्यावर घ्यावी आणि आपण बघत राहावं, हे काय असतं ते मला तेव्हा कळलं.

करार टिकला. पण शेठची पेढी हंगामभर नजरेखाली ठेवली गेली, आणि ही गोष्ट बाजारात पोचायला वेळ लागला नाही. बाकीचे व्यापारी म्हणायचे, “शेठनं स्वतःचीच तक्रार स्वतःच केली. आता स्वतःलाच दंड ठोकतील.” ठोकलाच. चौथं कलम त्यांनी बदललं: पाऊस लागला तर तारीख पुढं जाईल, चिपाड वाळल्याशिवाय चुलवण पेटवायचं नाही, आणि चिपाड ठेवायला प्रत्येक गुऱ्हाळावर पत्र्याची शेड, तिचा अर्धा भार पेढीचा. एवढ्यावर ते थांबले नाहीत. परदेशी खरेदीदारालाही त्यांनी कळवलं, की तुमचं कलम आमच्यापर्यंत खाली आलं, आता आमचं तुमच्यापर्यंत वर येऊ द्या. तुम्हीही लिहून द्या, की पाऊस लागला तर तुमची तारीख पुढं जाईल. मी म्हटलं, शेठ, ते हसतील. ते म्हणाले, हसू द्या. तिकडून उत्तर यायला फार दिवस लागले, मधे प्रश्नांची पत्रं आली, मग एक दिवस सही होऊन आली. शेठनी ती सही मला बघायला लावली. “नीट बघा,” म्हणाले. बघितली.

भावानं शेड बांधली. पण तो शेठसमोर यायचं टाळायला लागला. माल मजुराबरोबर पाठवायचा. पेढीत येणं झालंच तर दारातून मला हाक मारायचा. टायरचा विषय आम्ही दोघांनीही कधी काढला नाही. भावजयीनं एकदा काढला, तर तो जेवणावरून उठून गेला.

मग पर्युषण आलं. शेठनी आठ दिवसांचे उपास केले होते, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. आमच्याकडं श्रावण सरला की लोक मटणाच्या वासावर असतात. यांच्याकडं बरोबर तेव्हाच उपास चालू. संवत्सरीच्या, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी मी माहेरीच होते. अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत बसलो होतो, तर फाट्याकडून शेठ चालत येताना दिसले. पांढरा सदरा, हातात छत्री, चेहरा उतरलेला.

“गाडी कुठंय?” मी उठून विचारलं.

“एस्टीनं आलो. आळेफाट्याला बदलली. माझ्या कामाला पेढीचं डिझेल कशाला?”

“अहो, पारणं झालं का तुमचं?”

“मुगाचं पाणी घेऊन निघालो. काकी रागावलीय. दिवस मावळायच्या आत पोचतो म्हटलंय.”

भाऊ गोठ्यातून बाहेर आला आणि जागच्या जागी थांबला. शेठ सरळ त्याच्यासमोर गेले, छत्री बगलेत धरली आणि दोन्ही हात जोडले.

“मिच्छामि दुक्कडम्,” ते म्हणाले. “आमच्यात आज सगळ्यांची क्षमा मागतात. मी तारीख लावली नसती तर तुम्ही टायर लावला नसता. तुम्हाला त्या धुरात उभं केलं मी. मनात ठेवू नका.”

त्यांचं वय आमच्या वडिलांएवढं होतं.  भावजय पदर सावरून आत पळाली. मी शेंगांच्या टोपलीकडं बघत राहिले. भावाचे हात शेणानं भरलेले, तो ते जोडूही शकत नव्हता आणि तसेच लोंबतही ठेवू शकत नव्हता. तो हळूच माझ्याकडं झुकला.

“आक्का, आता ह्यांना काय म्हनायचं आस्तं?”

“मला काय माहीत?”

“तू एवढी वर्सं हायेस की त्यांच्याकडं!”

“पण मला कुणी असं म्हटलं नाही कधी.”

शेठ तसेच हात जोडून उभे. शेवटी भाऊ म्हणाला, “शेठ, त्ये जे तुमी म्हनला… त्येच मी बी म्हनलो आसं धरा.” आणि मग घाईघाईनं, “बसा, चा ठेवती ही.”

“चहा नको. गरम पाणी द्या. जळण वाया घालवू नका, कोमट चालेल.”

भाऊ हसला नाही. मान खाली घालून आत गेला, हात धुऊन स्वतः पाणी घेऊन आला. शेठ निघाले तेव्हा त्यानं पिकअप काढली. शेठ बसायला तयार नव्हते. भाऊ म्हणाला, “मला फाट्यावर जायचंच हाये, पेंड आनायला.” पेंड आदल्या दिवशीच आणलेली होती. बसण्याआधी शेठनी बॉनेटवर हात ठेवला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची लाज वाटली नाही.

त्यानंतर दोन-तीन हंगाम गेले. शेठ गेले ते भर पावसात. सकाळी पेढीवर निघालेले, दारातच बसले. पुण्याकडचे नातेवाईक पोचेपर्यंत दुपार झाली. मी पेढीच्या माणसांबरोबर स्मशानापर्यंत गेले आणि बायकांच्या घोळक्यात मागं उभी राहिले. भाऊही आला होता. वर पत्रा होता, पण लाकडं उघड्यावरची, पाणी प्यायलेली. काकींनी घरातून निरोप पाठवला होता, लाकडावर मुंग्या-किडे आहेत का बघून घ्या. तेही बघून झालं होतं. पण लाकडं पेट घेईनात. नुसता करडा, दाट धूर. शेठचा मुलगा पुन्हा पुन्हा तूप ओतत होता.

तिथला माणूस म्हणाला, “पावसात आसंच व्हतं, राव. दोन टायर घाला खाली. लगीच पेटतंय.”

“घाला ना मग,” एक नातेवाईक म्हणाले. “किती वेळ ठेवणार असं? सगळीकडं घालतात.”

कुणीतरी टायर आणायला वळलंसुद्धा. शेठच्या मुलानं तुपाचं भांडं खाली ठेवलं. मी ऐकलं. मला सातवं कलम पाठ होतं, त्याचा मराठी मसुदा माझ्या हातचा होता. पण चितेपाशी, एवढ्या माणसांत, पेढीच्या कराराची आठवण काढायची? लोक म्हणतील, बाईला वेळकाळ कळत नाही. मी नेहमीसारखी दोन पावलं मागं सरले. तिथं मेथी नव्हती एवढंच.

“टायर न्हाई लावायचा.”

आवाज भावाचा होता. तो घोळक्यातून पुढं गेला होता, डोक्यावरून पाणी निथळत.

नातेवाईकांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. “तुम्ही कोण?”

भावानं तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाला, “मी टायर लावनारा हाये. म्हनून सांगतोय.”

त्यांना काही कळलं नाही. शेठच्या मुलाला कळलं असावं. तो म्हणाला, “काय करायचं, भाऊ?”

“मला जाऊन येऊ द्या. आमच्या शेडात चिपाड हाये, बाभळीची लाकडं हायेत, कडक वाळलेली. तुमच्याच वडलांनी बांदायला लावलेली शेड हाये. तवर थांबा.”

लोक कुरकुरले. कुणाला पुण्याची गाडी गाठायची होती, कुणी म्हणालं असं खोळंबून ठेवणं बरं नव्हे. मुलगा म्हणाला, “थांबायचं.” सगळे पत्र्याखाली दाटीवाटीनं थांबले.  जाता-येता एवढा रस्ता आणि वर पाऊस. पिकअप परत आली तेव्हा बरेचजण निघून गेले होते.

ताडपत्री काढली तर आतलं चिपाड खडखडीत होतं. हातात घेतलं की मोडत होतं. भावानं ते स्वतः रचलं, चुलवणात घालतो तसं, खाली हवा जाईल असं, मग वर बाभळी. मुलानं पुन्हा अग्नी दिला. धरलं. एकदम आणि मोठ्यानं धरलं.

भाऊ मागं सरत सरत माझ्यापाशी आला. चितेकडं पाठ करून उभा राहिला. मान वर करायचं त्याच्यानं होईना. हात जोडलेले होते, शेठचे ते क्षमेचे शब्द आठवायचा प्रयत्न करत असावा, ओठ हलत होते.

“आक्का,” तो म्हणाला, “धूर बग. कसलाय?”

“पांढरा.”

“नीट बग.”

मी पदरानं डोळे पुसले आणि नीट बघितला.